मालकाला थेट हप्ते देऊन फ्लॅट घेताय? पैसे बुडतात ते इथे

कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, पिंपरी-चिंचवड भागात ही फसवणूक एकाच साच्यात होते. सिबिल खराब किंवा पगार रोखीत, म्हणून बँक दारात उभं करत नाही. मग एजंट म्हणतो, "मालकच हप्ते करून देतोय." समजा भाव 40 लाख : 10 लाख आधी, बाकीचे दरमहा 50,000 चे 60 हप्ते, आणि शेवटचा हप्ता फिटला की खरेदीखत.

कागद होतो नोटरीकडे, 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. मुद्रांक शुल्काचे अडीच-तीन लाख वाचल्याचा आनंद असतो. पण ताबा देणारं साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं नसेल, तर 2001 च्या दुरुस्तीपासून त्या ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53अ चं संरक्षण मिळत नाही. इंडेक्स टूवर (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यावर) तुमचं नाव येत नाही, त्यामुळे तोच फ्लॅट दुसऱ्याला विकायला मालक मोकळा.

याहून वाईट डाव पुढे आहे. "सोसायटीला दाखवायला लागतो" म्हणत मालक 11 महिन्यांचा भाडेकरार (लिव्ह अँड लायसन्स) करून घेतो, आणि तो मात्र रीतसर नोंदवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली लेखी लिव्ह अँड लायसन्स करारातला मजकूर निर्णायक पुरावा धरला जातो. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तुम्ही भरलेल्या हप्त्यांना भाडं म्हणतो, वर मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागतो. असा करार पुढे आला तर सही करू नका, मग व्यवहार मोडला तरी चालेल.

आणि मालकाचं कर्ज. मूळ कागद मागितले की रंगीत झेरॉक्स दाखवतात, "ओरिजिनल लॉकरमध्ये आहेत." ते बहुतेक वेळा बँकेत गहाण असतात. तुमचे 50,000 मालकाच्या खात्यात जातात, तिथून कर्जखात्यात पोचतीलच असं नाही. हप्ते थकले की सरफेसी कायद्याची (बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस मालकाच्या नावाने येते. घरात राहणारा ते रजिस्टर पाकीट न फोडता त्याच्याकडे पोचवतो. खरी गोष्ट कळते ती दारावर ताबा नोटीस चिकटते तेव्हा.

म्हणून टोकन देण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात 30 वर्षांचा शोध घ्या, 'नोटीस ऑफ इंटिमेशन' (कागद बँकेत गहाण ठेवल्याची नोंद) हा दस्त आहे का ते बघा. सेरसाईच्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) वेबसाइटवर थोडी फी भरून बोजा तपासता येतो. शेअर सर्टिफिकेट मागून-पुढून बघा, सोसायटीकडून थकबाकी आणि बँकेच्या बोजाबद्दल लेखी घ्या. कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र आणि विक्रीला लेखी संमती, दोन्ही हवीत. साठेखत पूर्ण मुद्रांक भरून नोंदवा. त्यातच हप्त्यांचं वेळापत्रक, कर्जखाते क्रमांक आणि कर्ज फिटेपर्यंतचे हप्ते थेट त्या खात्यात जातील ही अट घाला. रोख देऊच नका.

ताबा नोटीस लागलीच असेल, तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवस असतात. मालकाने खरेदीखत नाकारलं, तर करारातल्या तारखेपासून, आणि तारीख नसेल तर नकार कळल्यापासून, दाव्याची मुदत 3 वर्षं. मालकाच्या "पुढच्या महिन्यात करू"वर ही मुदत थांबत नाही.