आधी अंतर मोजा, मग पिक्सेल: फुल एचडी, फोरके आणि पॅनेल

नवा टीव्ही किंवा मॉनिटर घेताना फुल एचडी की फोरके, हा प्रश्न सगळ्यांत आधी पडतो. माझ्या मते त्याहीआधी टेप घेऊन बसायच्या जागेपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजावं.

चांगल्या नजरेला साधारण एक अंश कोनाच्या 60व्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. 55 इंची टीव्ही सुमारे 122 सेंटीमीटर रुंद असतो. फुल एचडीत तेवढ्या रुंदीत 1920 पिक्सेल, म्हणजे एकेक पिक्सेल 0.63 मिलिमीटरचा. सातेक फुटांपलीकडे बसलात की ते एकमेकांत मिसळून जातात. फोरकेचे 3840 पिक्सेल पुरते वसूल करायचे तर साडेतीन-चार फुटांवर बसावं लागेल. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

मॉनिटरचं गणित उलटं. दोन फुटांवरच्या 27 इंची फुल एचडी मॉनिटरवर लहान अक्षरातली जोडाक्षरं पाहा: वेलांट्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, 'ष्ट्र'मधल्या रेषा एकमेकींना चिकटतात. फोरकेवर त्या सुट्या होतात. दिवसभर वाचायचं-लिहायचं असेल, तर इथे फोरकेच घ्या.

सोफ्यावरून पाहायचं असेल तर मात्र पैसे पॅनेलवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या स्क्रीनच्या प्रकारावर घाला. कडा ठसठशीत वाटते ती उजेड-अंधारातल्या फरकामुळे. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, साधारण 1000:1, व्हीएचा 3000:1 किंवा जास्त. ओएलईडीत, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या पॅनेलमध्ये, तर काळा पिक्सेल चक्क विझतो. अंधाऱ्या खोलीत हा फरक लगेच जाणवतो. पण समोर उघडी खिडकी असली की सगळं पालटतं. समजा पांढरा रंग 300 निटचा (निट हे स्क्रीनच्या उजळपणाचं एकक) आहे आणि काचेवरून 3 निट उजेड परततो. तो काळ्यातही मिसळतो, आणि आयपीएस असो वा व्हीए, दोन्हींचा कॉन्ट्रास्ट 100:1च्या आत येतो! अशा खोलीत महागड्या पॅनेलआधी जाड पडदा लावा. घरातली माणसं बाजूला पसरून बसत असतील तर आयपीएस बरं, कारण कडेने पाहताना व्हीएचे रंग फिके पडतात.

दुकानातल्या टीव्हीवरच्या 'शार्पनेस' या सेटिंगला भुलू नका. तो वाढवला की कडांभोवती पांढरी किनार येते, नवा तपशील येत नाही.

टीव्हीला संगणक जोडणार असाल तर ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र थोडं मोठं करून दाखवणारा टीव्हीतला पर्याय, बंद करा. तो चालू राहिला तर चित्र ताणलं जातं, कडा कापल्या जातात आणि फोरके पॅनेलवरही अक्षरं पुसट दिसतात.