स्लाइडसमोर बसून समजलेला रिपोर्ट : एरंडवण्यातील एका पॅथॉलॉजी लॅबचा अनुभव

माझ्या ताईचा स्तनाचा कर्करोग 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारचा (म्हणजे दोन संप्रेरकांचे ग्राही आणि एचईआर२ प्रथिन हे तिन्ही नसलेला) असून तो फुप्फुसापर्यंत पोचला आहे. तिच्या बायोप्सीच्या रिपोर्टमधील 'पीडी-एल१ : सीपीएस १५' (पीडी-एल१ हे पेशींवरील एक प्रथिन, सीपीएस हा त्याचा गुणांक) या ओळीपाशी आम्ही अडलो. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारायला सवड मिळाली नाही, म्हणून एरंडवण्यातील एका लॅबमध्ये स्लाइड पुन्हा तपासून घेतल्या. तेथे रुग्णाला समोर बसवून रिपोर्ट समजावतात.

दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा मायक्रोस्कोपवर डॉक्टरबाईंनी स्लाइड लावली. निळ्या केंद्रकांच्या दाटीत काही पेशींच्या कडेने पीडी-एल१ दाखवणारी तपकिरी रेघ दिसत होती. त्या सगळ्या कर्करोगाच्याच पेशी असतील असे आम्ही धरून चाललो होतो, परंतु त्यांत लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही होत्या. अशा सर्व रंगलेल्या पेशींची बेरीज जिवंत कर्कपेशींच्या संख्येने भागून शंभराने गुणली की सीपीएस मिळतो, आणि पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह आजारात पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध देण्यासाठी तो किमान १० असावा लागतो.

पुढचे स्पष्टीकरण मला सर्वांत मोलाचे वाटले. कर्कपेशी एकमेकींना प्रथिने आणि आरएनए भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांतून, म्हणजे एक्झोसोममधून, निरोप पाठवतात, आणि आसपासच्या प्रतिकारक पेशींमुळे हा संवाद बदलतो. कर्कपेशी सीएसएफ-१ हे संदेशवाहक प्रथिन सोडून मॅक्रोफेजना जवळ बोलावतात, तर मॅक्रोफेज ईजीएफ हे वाढीचे प्रथिन सोडून कर्कपेशींना हालचालीस उद्युक्त करतात. हे ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे कुंपणच शेत खातंय की!" त्यावर डॉक्टरबाईंनी स्लाइड जराशी सरकवून दाटीच्या कडेला थबकलेल्या लिम्फोसाइट दाखवल्या आणि सांगितले की, लिम्फोसाइटमधील टी पेशी लढताना इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात, त्याला उत्तर म्हणून कर्कपेशी पीडी-एल१ पुढे करतात आणि टी पेशींवरील पीडी-१ या ग्राहीला ते जोडले गेले की लढाई थंडावते. जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांच्या क्योतोतील प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलेला रेणू म्हणजे हाच पीडी-१. पेम्ब्रोलिझुमॅब त्यालाच चिकटून ही जोडणी रोखते. कुंपण सगळेच फितूर झालेले नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ताईने प्रथमच औषधाविषयी स्वतःहून प्रश्न विचारले.

उणिवाही सांगायला हव्यात. लेखी सारांश केवळ इंग्रजीत मिळाला. डॉक्टरबाईंनी कागदाच्या पाठीवर मराठी नावे घालून काढलेली आकृतीच घरी सर्वांच्या उपयोगी पडली, आणि अशी छापील पत्रिका देणे लॅबला मुळीच अवघड नाही. पहिल्या रुग्णालयातून पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला ऊतीचा तुकडा) मिळवण्यासाठी पत्र लागते, हे फोनवर कोणी न सांगितल्यामुळे आमचे आठ दिवस गेले. ब्लॉक परत घेताना प्रत्येक स्लाइडचा क्रमांक पावतीशी काउंटरवरच ताडून पाहावा. आमच्या पाकिटात एक स्लाइड कमी होती आणि ती दोन दिवसांनी पुन्हा हेलपाटा घालून आणावी लागली.