अल्ट्रा की धाकटा प्रो? माझ्या अंगठ्याचा कौल

दोन्ही फोन मी पदरमोड करून घेतले आणि रोज वापरले. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२५ अल्ट्रा साडेचार महिने माझ्या खिशात होता, आता तो पत्नीकडे आहे. माझ्याकडे आहे गूगलचा पिक्सेल ९ प्रो. मोठा एक्सएल नव्हे, धाकटा. म्हणजे माझा कल कुठे आहे ते पहिल्या चार ओळींतच फुटलं. पण अल्ट्रा घरातच आहे आणि अधूनमधून हातात येतो, तेव्हा त्याच्यावर अन्याय होणार नाही एवढी काळजी घेतो.

प्रोसेसर, रिफ्रेश रेट, स्क्रीन किती उजळते वगैरे तुम्ही आधीच पाठ केलं असेल. ते सोडून देतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. जाहिराती पाहिल्या की वाटतं, या दोन फोनमध्ये दोन वेगळे एआय आहेत आणि आपल्याला त्यातला हुशार निवडायचाय. तसं नाही. बाजूचं बटण दाबून धरा, दोन्हीकडे गूगलचा एआय मदतनीस जेमिनायच हजर होतो. एका वाक्यात दोन ॲपची कामं सांगायची, म्हणजे पुढचा सामना कधी आहे ते शोध आणि कॅलेंडरमध्ये टाक, हेही दोन्हीकडे जमतं. मराठीत बोललं तरी दोघांनाही कळतं. स्क्रीनवरच्या वस्तूभोवती बोटाने गोल काढून शोधायची सोय, सर्कल टू सर्च, जानेवारी २०२४ मध्ये एस२४ मालिकेबरोबर आली आणि त्याच महिन्यात पिक्सेल ८ आणि ८ प्रोलाही मिळाली. फोनमध्येच चालणारं छोटं मॉडेल, जेमिनाय नॅनो, तेही दोन्हीकडे. थोडक्यात, मेंदू बराचसा एकाच घरचा आहे. अंगरखा वेगळा.

तरी फरक आहेत, नाहीत असं नाही. सॅमसंगने जेमिनायच्या जोडीला स्वतःचं बरंच काही ठेवलंय. फोनवर बोलता बोलता होणारं भाषांतर हे त्यातलं मोठं नाव. २०२४ मध्ये ते आलं तेव्हाच्या तेरा भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. मला त्याचा उपयोग दोनदाच करावा लागला आणि दोन्ही वेळा समोरच्या माणसाला आधी 'तुम्हाला मध्ये एक यांत्रिक आवाज ऐकू येईल, दचकू नका' हे समजावण्यातच निम्मा वेळ गेला. ज्याचं रोजचं काम परभाषिकांशी आहे त्याला ते वरदान वाटेल. सकाळ-संध्याकाळ दिवसाचा गोषवारा देणारं नाऊ ब्रीफ मी आठवडाभर भक्तिभावाने वाचलं, मग विसरून गेलो. ती सवयीची बाब आहे. काहींना ते पेपरासारखं लागतं.

सॅमसंगची मला मनापासून आवडलेली गोष्ट मात्र जाहिरातीत कधी ठळक दिसली नाही. सेटिंगमध्ये एक कळ आहे: ती लावली की गॅलॅक्सी एआय, म्हणजे सॅमसंगच्या स्वतःच्या एआय सोयी, फक्त फोनच्या आतच काम करतं, मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जात नाही. अर्थात ती लावताच फोटोत नवीन काही रंगवून देणारी मोठी करामत बंद पडते, कारण तेवढी ताकद खिशात मावत नाही. पण निवड आपल्या हातात आहे आणि एकाच ठिकाणी आहे. कंपनीला शाबासकी.

पिक्सेलकडे याच्या तोडीचं म्हणजे पिक्सेल स्क्रीनशॉट्स. मी माणूस अव्यवस्थित. तिकीट, पत्ता, पुस्तकाचं नाव, वायफायचा पासवर्ड, दिसेल त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो आणि मग हवा तेव्हा तो मिळत नाही. हे ॲप त्या ढिगातलं वाचून ठेवतं, तेही फोनच्या आतच, आणि नंतर साध्या भाषेत विचारलं की नेमका तो कागद काढून देतं. अल्ट्राच्या गॅलरीतही वाक्य लिहून फोटो शोधता येतो, पण तिथे स्क्रीनशॉट आणि लग्नाचे फोटो एकाच पेटाऱ्यात. पिक्सेलवर स्क्रीनशॉटना स्वतंत्र कपाट मिळालं, त्यामुळे माझं तिकडे जास्त जमलं. तुम्ही मुळातच टापटीप असाल तर हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजा.

फोटोंचं थोडक्यात. अल्ट्राकडे लांबचं जवळ आणणाऱ्या, तीनपट आणि पाचपट अशा दोन टेलिफोटो लेन्स, पिक्सेलकडे एकच पाचपट. माणसांचे फोटो काढताना ती तीनपट लेन्स फार सोयीची पडते. पिक्सेल तेवढं अंतर मुख्य कॅमेऱ्यातून कापून भरून काढतो आणि बहुतेकदा खपूनही जातं. पिक्सेलच्या ॲड मीने फोटो काढणारालाही नंतर घोळक्यात उभं करता येतं. घरातला फोटो काढणारा कायम मीच, तेव्हा कौटुंबिक फोटोंत माझं दर्शन होऊ लागलं ते याच्यामुळे. बेस्ट टेकने मात्र मी जरा बिचकतो. चार फोटोंतले चार चांगले चेहरे एका फोटोत आणले की सगळे हसतात खरे, पण त्या क्षणी तसं कुणीच एकत्र हसलेलं नसतं. या बाबतीत अल्ट्राचा रिवाज मला बरा वाटतो: एआयने नवीन काही रंगवलं की चित्राच्या कोपऱ्यात तसा शिक्का उमटतो. दिसायला बरा नाही, पण प्रामाणिक.

व्हिडिओ आणि गेम हे दोन विषय तुमच्यासाठी महत्त्वाचे असतील तर फार विचार न करता अल्ट्रा घ्या. अल्ट्राचा प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८ एलिट आणि पिक्सेलचा टेन्सर जी४ यांच्या निव्वळ ताकदीत बरंच अंतर आहे, आणि पिक्सेलचा व्हिडिओ बूस्ट तर चित्रफीत आधी गूगलच्या सर्व्हरवर पाठवतो, तिथे ती उजळून परत येते. वाट पाहायची तयारी असेल तर निकाल सुंदर. बॅटरीही अल्ट्राची मोठी, ५००० एमएएच, आणि ते रात्री जाणवतं. पिक्सेलची ४७००, माझा दिवस निघतो, पण नकाशा लावून फिरलो तर जेमतेम.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग हा पिक्सेलकडे का गेला? पारडं तर अल्ट्राचं जड आहे.

जड आहे, हेच कारण. आणि लांब. आणि रुंद.

अल्ट्राची उंची १६२.८ मिलिमीटर, पिक्सेल ९ प्रोची १५२.८. बरोबर एक सेंटीमीटरचा फरक. रुंदी ७७.६ विरुद्ध ७२. वजन २१८ ग्रॅम विरुद्ध १९९. कागदावर हे आकडे वाचले तेव्हा मला हसू आलं होतं. एका सेंटीमीटरने काय होणार? आणि आधीचा एस२४ अल्ट्रा तर २३२ ग्रॅमचा होता, त्या मानाने हा हलकाच. अल्ट्राचा दोष नाही हे स्पष्ट सांगतो. पडद्यावर लिहायचं पेन पोटात ठेवून एवढा मोठा पडदा द्यायचा तर फोन एवढाच होणार, आणि मोठा आहे हे तो लपवतही नाही. दोष माझ्या पंजाचा.

झालं काय, की एआयची जी सोय मी सर्वांत जास्त वापरतो ती सर्कल टू सर्च. तिची रीत अशी: स्क्रीनच्या अगदी तळाची पट्टी दाबून धरायची आणि हवं त्या वस्तूभोवती गोल काढायचा. तळाला अंगठा पोचतो. पण हवी ती वस्तू नेमकी वर असते. बातमीतलं ठळक चित्र वर, व्हिडिओतला माणूस वर, कुणी पाठवलेल्या फोटोतलं झाड वर. मग तळ दाबून झाला की फोन तळहातात सरकवून वर न्यायचा, करंगळीचा आधार सुटतो, गोल काढायचा तो अंड्यासारखा निघतो आणि भलतीच वस्तू शोधली जाते. पुन्हा पहिल्यापासून. दुसरा हात मोकळा असेल तर अडचण काहीच नाही. पण एका हातात पिशवी, किंवा गाडीतला वरचा दांडा, किंवा झोपलेलं मूल असताना हे करून पाहा. एकदा मी फोन हनुवटीखाली दाबून पकड बदलली. समोरच्या माणसाने नजर वळवली, बिचारा सभ्य होता.

लहान बाब आहे, मान्य. दिवसातून एकदा झाली असती तर विसरलो असतो. पण ती दिवसातून दहा-बारा वेळा होई. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की मी हळूहळू ती सोयच वापरेनासा झालोय. ज्या एआयसाठी एवढे पैसे मोजले, त्याच्यापर्यंत अंगठा पोचत नाही म्हणून मी त्याला विचारणंच सोडलं होतं. एका हाताने वापरायची पद्धत दोन्ही फोनमध्ये आहे, पडदा लहान होतो किंवा खाली सरकतो. पण मोठा पडदा विकत घेऊन तो रोज आकसून वापरणं हे सदऱ्याच्या बाह्या कायम दुमडूनच ठेवण्यासारखं झालं. पिक्सेलवर तळापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत माझा अंगठा पकड न बदलता जातो. जेमतेम, पण जातो. आणि गूगलने धाकट्या प्रोमध्ये थोरल्या एक्सएलचे मागचे तिन्ही कॅमेरे आणि एआयच्या सगळ्या सोयी जशाच्या तशा ठेवल्यात, म्हणजे लहान घेतला म्हणून काही गमवावं लागलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला पिक्सेल १० प्रोसुद्धा ६.३ इंचांचाच आहे, वजन मात्र थोडं जास्त, २०७ ग्रॅम. तो घेणार असाल तरी हेच लागू पडावं.

चाणाक्ष वाचक विचारेल, मग साधा एस२५ का नाही? बरोबर प्रश्न. १६२ ग्रॅमचा, सुबक, गॅलॅक्सी एआयही त्यात आहे. हात म्हणाला हाच घे. पण तिथे पाचपट लेन्स नाही आणि पेनही नाही, आणि मला लांबचे पक्षी टिपायचा नाद आहे. हा नाद नसता तर आज हा लेख कदाचित दोन सॅमसंगांवर असता. तुमच्या यादीत तो नसेल तर जरूर घाला.

पेनाबद्दल दोन शब्द, कारण त्याच्यासाठीच बरेच जण अल्ट्रा घेतात. एस२५ अल्ट्राच्या पेनातून ब्लूटूथ काढून टाकलंय, त्यामुळे दुरून पेनाचं बटण दाबून फोटो काढणं आता नाही. लिहिणं, खुणा करणं, वेड्यावाकड्या रेघांचं एआयकडून चित्र करून घेणं, हे सगळं उत्तम चालतं. मला पेनाची सवय लागली नाही. पहिले दहा दिवस हौसेने लिहिलं, मग ते म्यानात गेलं ते गेलंच. तुम्ही आजही हाताने टिपणं काढत असाल तर तुमचा निर्णय माझ्यापेक्षा वेगळा होईल, आणि तो बरोबरच असेल.

दोन्ही कंपन्यांनी सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. सात वर्षांत एआयच्या सोयी कितीदा बदलतील कोण जाणे. आज ज्या एका सोयीसाठी फोन निवडाल ती वर्षभरात दुसऱ्यावरही आलेली दिसेल. फोनची लांबी-रुंदी मात्र तीच राहील. म्हणून घेण्याआधी एक करा. दोन्ही फोन आळीपाळीने एकाच हातात धरा, दुसरा हात खिशात घाला. तळाची पट्टी दाबून धरा आणि पकड न हलवता पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात गोल काढा. अल्ट्रावर नीट जमला तर माझं सगळं म्हणणं तुमच्यापुरतं रद्द, खुशाल तोच घ्या.

पत्नीचा पंजा माझ्यापेक्षा लहान आहे, तरी ती अल्ट्रावर बेहद्द खूश आहे. ती फोन नेहमी दोन हातांनीच धरते, आणि सगळ्या याद्या पेनाने लिहिते. फोन परत मागितला तर मिळेल असं मला वाटत नाही.