कोकणात सात महिने वापरलेला टेंट: खळं, पुळण आणि दोन पोरं

दिवाळीच्या सेलमध्ये ऑक्टोबरात घेतला होता, ४ माणसांचा, डोम टाइप, ६२०० रुपये, वजन साडेचार किलोच्या आसपास. आता मे संपत आला, पाच वेळा कोकणात नेऊन झाला, १४ रात्री झोपलो त्यात, मी, नवरा, मुलगी (१०) आणि मुलगा (६). घेताना जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे डोंगरावरच्या ट्रेकचे होते, समुद्राजवळ किंवा गावातल्या अंगणात याचं काय होतं ते कुणी लिहिलेलंच नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

४ माणसांचा म्हणजे दोन मोठे, दोन लहान आणि बॅगा बाहेर. चार मोठी माणसं मावणार नाहीत, त्या आशेने घेऊ नका.

घेतला कशासाठी, तर गुहागर तालुक्यात नवऱ्याच्या आत्यांचं घर आहे, दोन खोल्या आणि पडवी, दिवाळीत सगळे जमले की रात्री पाय टाकायला जागा नसते, मग आम्ही दरवेळी हॉटेलात राहायचो आणि पोरांना गाव दिसायचं ते फक्त जेवायला गेल्यावर. टेंट खळ्यात, म्हणजे घरापुढच्या भात झोडायच्या सारवलेल्या अंगणात, लावला की प्रश्न मिटला, संडास-मोरी घरचीच, लहान पोरं बरोबर असली की ही गोष्ट किती मोठी आहे ते ज्यांनी किनाऱ्यावर रात्र काढलीय त्यांना कळेल.

पहिल्याच संध्याकाळी नवरा खुंट्या ठोकायला दगड घेऊन बसला आणि आत्या आतून धावत आल्या, "अरे थांब, भोकं पाडू नको, उद्या भात झोडायचंय, दाणे जातील त्यात!" तेव्हा मला कळलं की पावसाळ्यानंतर खळं दरवर्षी नव्याने करतात, खणायचं, सपाट करायचं, पाणी मारून चोपण्याने चोपायचं आणि मग शेणाने सारवायचं. पंधरा दिवसांची मेहनत होती ती. मग खुंट्या न मारता चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे ठेवून दोऱ्या त्यांना बांधल्या. म्हणून सांगते, टेंट घेताना खुंट्यांशिवाय नुसत्या काठ्यांवर उभा राहतो का ते आधी बघा. आमचा राहतो, आणि कोकणात हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, कारण कातळावर खुंटी जातच नाही आणि खळ्यात ठोकू देणार नाहीत. खाली मात्र जाड घोंगडी हवीच, खळं दगडासारखं कडक असतं.

सकाळी सहाला झोडणीच्या आवाजानेच जाग आली. टेंटची चेन उघडली तर समोर पेंढ्या आपटतायत, सूप घेऊन वाऱ्यावर भात उफणतायत, आणि पोरं तोंड न धुता तिकडे. धाकट्याने नखाने एकेक दाणा सोलायला घेतला, दुपारपर्यंत ४० झाले आणि तो हट्टाला पेटला की हे शिजवायचे. आत्यांनी खरंच ते ४० दाणे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून भाताच्या टोपात सोडले आणि त्याच्या पानात वेगळे वाढले. तेव्हापासून तो ताटात भात टाकत नाही, मी एकदाही ओरडले नाहीये त्याला यासाठी. मुलीने दुसऱ्या दिवशी आत्यांबरोबर एक कोपरा सारवला, आधी नाक मुरडत होती, मग हात कसा गोल फिरवायचा ते जमल्यावर उठेचना.

डिसेंबरात वेळणेश्वरला पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, सुरूच्या झाडांखाली लावला, परवानगी विचारून. इथे टेंट कमी पडला. वाळूत बरोबर आलेल्या खुंट्या अजिबात धरत नाहीत, दुपारचा वारा सुटला आणि दोन खुंट्या उपटून बाहेर. उपाय सोपा आहे, कापडी पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची, मग हलत नाही. दार कुठे करायचं याचाही विचार करा, दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून, शाळेत पाठ केलेलं ते तिथे अंगाला लागलं. आणि माडाखाली कधीच लावू नका, नारळच काय, वाळलेली झावळ पडली तरी जड असते.

भरतीचं आतोबांनी (आत्यांच्या यजमानांनी) शिकवलं. तिथीला ३ ने गुणायचं, ४ ने भागायचं, ती भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी होती, म्हणजे साडेचार. मुलीने मोबाइलवर पडताळून बघितलं, वीसेक मिनिटांचा फरक आला. आता कॅलेंडर बघून ती घरबसल्या भरती सांगते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर येतं, म्हणून वाळलेल्या शेवाळाची-काटक्यांची जी रेघ दिसते तिच्याही बरंच वर टेंट लावायचा.

जानेवारीत अलिबागकडे मैत्रिणीच्या वाडीत पोपटीसाठी गेलो, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, पाण्याचा थेंब नाही, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. जेवण झकास, पण पहाटे टेंटच्या आतून पाणी ठिबकायला लागलं. गळती नव्हती ती, चार जणांच्या श्वासाची वाफ आणि बाहेरचं दव. वरचं कव्हर ताणून बांधलं आणि खिडकीचा वरचा पट्टा उघडा ठेवला की बराच फरक पडतो.

मार्चमध्ये वेळासला कासवांसाठी. तिथे टेंट किनाऱ्यावर लावायचा विचारही करू नका, उजेडाने कासवं बिचकतात, पिल्लं भलत्या दिशेला जातात. आम्ही ज्यांच्याकडे राहिलो त्यांच्या अंगणात लावला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथे गावकऱ्यांबरोबर काम उभं केलं, अंडी पूर्वी चोरीला जायची किंवा कुत्रे-कोल्हे खायचे, आता कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं निघतात. सकाळी कुंपणातली टोपली उचलली तर खाली २३ पिल्लं. धाकटा दोरीच्या मागे उभा राहून एकेकाला "चल, चल" म्हणत होता, शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत हलला नाही.

तक्रारी दोन. खाऱ्या हवेने चेन तिसऱ्या ट्रिपलाच अडकायला लागली, आता प्रत्येक वेळी परत आल्यावर गोड्या पाण्याने धुते आणि दातांवर मेणबत्ती घासते, चालते. लोखंडी खुंट्या गंजल्या. दुसरी मोठी, फायबरची काठी एप्रिलमध्ये जोडाजवळ चिरली, कंपनीला तीन मेल केले, उत्तर आलं ते महिन्याने आणि सुटी काठी मिळणार नाही असं. मला याचा खरंच राग आला, एका काठीसाठी अख्खा टेंट टाकायचा का? सध्या चिकटपट्टी गुंडाळून भागवतेय.

मे महिन्यात सकाळी सातनंतर आत बसवत नाही, भट्टी होते. अवकाळीची एक जोरदार सर आली तेव्हा मात्र वरून थेंब आला नाही, खालच्या शिवणीतून थोडं पाणी आलं. पोरं तरी हटेनात, त्यांना भाजावळ झालेल्या, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या, शेतात राखेवर पाऊस पडलेला बघायचा होता, आतोबांनी याच राखेत पेरणार म्हणून सांगितलं होतं ना.

आता धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून सैल गुंडाळून ठेवलाय, ओला ठेवला तर बुरशी धरते. ८.५ एमएमची काठी सुटी कुठे मिळते कुणाला माहीत असेल तर सांगा, मुलीने आत्यांना नोव्हेंबरचं कबूल केलंय, या वेळी अख्खं खळं चोपायला तीच येणार आहे.