मशीन तेच, कानातला मोल्ड नवा: वर्षभर वापरल्यानंतर

कानाच्या मशीनबद्दल कुणी विचारलं की पहिला प्रश्न कंपनीचा असतो, दुसरा किमतीचा, तिसरा ब्लूटूथ आहे का याचा. जो भाग प्रत्यक्ष कानात जातो त्याबद्दल कुणी विचारत नाही. तोच भाग आपल्या कानाचं माप घेऊन घडवला की त्याला मोल्ड म्हणतात. गेला पावसाळा, अख्खं शैक्षणिक वर्ष आणि हा उन्हाळा असा मापाचा मोल्ड घालून काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. माझ्याएवढा श्रवणदोष असेल, तर महागड्या मशीनमधलं किती कानापर्यंत पोचणार हे मोल्डच ठरवतो. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

मी मिरजेत राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. दोन्ही कानांच्या नसा कमजोर आहेत. डाव्या कानाला खालच्या पट्टीतला, ५०० हर्ट्झचा आवाज ४५ डेसिबल असला की ऐकू येतो, वरच्या पट्टीतला, ४००० हर्ट्झचा मात्र ८० लागतो; उजवा त्याहून थोडा बरा. असा उतरता आलेख असला की बोलण्यातले स्वर ऐकू येतात, पण स, श, थ, फ निसटून जातात. पाढे म्हणून घेताना मूल ‘साठ’ म्हणायचं आणि मला ‘आठ’ ऐकू यायचं. घरचे मोठ्याने बोलायचे, त्याने काही फरक पडत नसे. आवाज पोचत होताच, अक्षरं पोचत नव्हती.

माझं मशीन कानामागचं आहे. आधी त्याला बारीक नळी आणि टोकाला रबरी डोम होता. डोम ठरावीक मापांत तयार मिळतात, गोल असतात. कानाची नळी मात्र गोल नसते. ती लंबगोल आणि दोन ठिकाणी वळलेली असते, शिवाय माझ्या दोन कानांत एकमेकांशी काही साम्य नाही. डोमच्या कडेने आवाज बाहेर गळतो, तोच मशीनच्या माइकमध्ये पुन्हा शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी थांबवायला मशीनमध्ये सोय असते, पण ती पुष्कळदा वरच्या पट्टीतला आवाजच कमी करते. म्हणजे मला ज्या ४००० हर्ट्झच्या आसपास मदत हवी होती, नेमकी तिथेच मशीन हात आखडता घेत होतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मशीन घेतलं तिथे प्रत्येक वेळी नवं, जास्त किमतीचं मॉडेल दाखवायचे.

पहिला मोल्डही तिथूनच करून घेतला होता, ॲक्रिलिकचा. माप घाईत घेतलेलं, तोंड मिटून. घरी शांत बसलं की ठीक. वर्गात बोलायला लागले की शिट्टी. जेवतानाही तेच. कानाच्या वाटीत वरच्या बाजूला घासून लाल व्हायचं. तक्रार केली की उत्तर एकच: ‘सवय होईल मॅडम.’ सवय झाली नाही आणि व्हायलाही नको होती. दुखणारा मोल्ड हा चुकीचा मोल्ड असतो, हे ज्यांच्या घरात नवीन मशीन आलंय त्यांनी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सुचवलेल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ मॅडमकडे गेले. माप घेण्याची पद्धत बघूनच फरक कळला. आधी त्यांनी ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याने, दोन्ही कान नीट पाहिले. मळ आहे का, पडद्याला भोक आहे का, कानाचं कधी ऑपरेशन झालंय का, सगळं विचारलं. पडद्याला भोक असेल किंवा मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर माप घेण्याचं द्रव्य आत जाऊन अडकू शकतं. अशा माणसाने आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच जायला हवं. मग दोरा बांधलेला स्पंजचा छोटा गोळा उजेडाच्या काडीने आत सरकवला, नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पलीकडे. तो तिथे टेकला तशी मला ढास लागली. मॅडम म्हणाल्या, ‘घाबरू नका, घशाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची एक शाखा कानाच्या नळीत येते, तिला स्पर्श झाला की पुष्कळांना खोकला येतो.’ हा गोळाच सगळ्यांत महत्त्वाचा. तो पडद्याला वाचवतो आणि माप किती खोलवर येणार हेही तोच ठरवतो.

यानंतर दातांमध्ये एक ठोकळा धरायला दिला, म्हणजे जबडा उघडा राहील. दोन सिलिकॉन एकत्र मळून सिरिंजमध्ये भरलं आणि सिरिंजचं टोक द्रव्यात बुडलेलं ठेवूनच भरत बाहेर आल्या, मध्ये हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून. कानात गार काहीतरी पसरत गेलं आणि त्या बाजूचं जग बंद झालं. चार-पाच मिनिटांत ते घट्ट झालं. काढताना आधी कानाची पाळी ओढून हवा आत जाऊ दिली, मग वरचा भाग सोडवून फिरवत बाहेर. हातात आलेला तो निळा तुकडा बघितला. माझ्याच कानाची नळी, दोन्ही वळणं, टोकाला चिकटलेला स्पंज. इतकी वर्षं ज्या कानाशी झगडते आहे, तो मी तेव्हा पहिल्यांदा आतून पाहिला.

तोंड उघडं का, तर कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा, मऊ असतो आणि जबड्याचा सांधा त्याला लागूनच असतो. जबडा उघडला की नळी बदलते, बहुतेकांची रुंदावते. तोंड मिटून माप घेतलं तर बोलताना मोल्डच्या कडेला फट पडते. प्रत्येकाच्या कानात हा फरक सारखा नसतो. मॅडमनी मिटल्या तोंडानेही एक माप घेतलं आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवून दाखवले. डाव्या कानात फरक डोळ्यांना दिसत होता. दिवसभर बोलण्याचं काम करणाऱ्याने, शिक्षक असो, कीर्तनकार असो की भाजीवाली, हे माप आग्रहाने मागून घ्यावं.

माप नंतर लॅबला जातं. पूर्वी पूड आणि द्रव मिसळून माप घेत. ते उष्णतेने वाकायचं, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कुरिअरमध्ये त्याचं काय होत असेल याची कल्पना करा. सिलिकॉनचं माप टिकतं. लॅबमध्ये ते स्कॅन करतात, संगणकावर टोक कुठे कापायचं, कुठे किती जाडी ठेवायची, हवेचं छिद्र कुठून न्यायचं हे ठरवतात आणि ॲक्रिलिक असेल तर थेट थ्रीडी प्रिंटरवर छापतात. मऊ सिलिकॉनसाठी आधी पातळ कवच छापून त्यात सिलिकॉन ओततात आणि मग कवच फोडून काढतात. काम संगणकावर होत असलं तरी कुठे कापायचं हा निर्णय माणसाचाच असतो. टोक आखूड कापलं तर शिट्टी आणि घुमणं, फार लांब ठेवलं तर आतल्या हाडाच्या भागावरच्या पातळ कातडीला टोचणार.

माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत. डाव्या कानात दोष जास्त, म्हणून मऊ सिलिकॉन. जबडा हलला तरी ते कातडीला धरून राहतं. उजव्या कानात दर पावसाळ्यात बुरशी धरते, तिथे ॲक्रिलिक, कारण ते पुसायला, धुवायला सोपं. दोन्ही सांगाडा आकाराचे, म्हणजे कानाची वाटी पूर्ण न भरता फक्त कडेची कमान. रंग मी पारदर्शक घेतला. तयार ‘त्वचेचा रंग’ म्हणून जो मिळतो तो आपल्यापैकी फार थोड्यांच्या त्वचेचा असतो. डाव्या मोल्डवर निळा आणि उजव्यावर लाल ठिपका आहे. ही खूण सगळीकडे हीच.

ॲक्रिलिकचा मोठा फायदा असा की ते घासता येतं. उजवा मोल्ड पहिल्या आठवड्यात वरच्या कमानीपाशी टोचत होता. मॅडमनी लाल झालेली जागा पाहिली, मोल्डवर तेवढीच खूण केली आणि बारीक चाकावर घासून, घालून, पुन्हा घासून दिला. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर असंच करतात: जरासं घासायचं, ऐकायचं, परत घासायचं. सिलिकॉनला हे सहज जमत नाही. ते चुकलं तर बहुतेक वेळा नवीन माप, नवीन मोल्ड.

आता स्वतःच्या आवाजाबद्दल, कारण बहुतेक लोक मोल्ड इथेच टाकून देतात. कान घट्ट बंद झाला की आपलाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. बोलताना हाडांतून आणि कूर्चेतून आलेला खालच्या पट्टीचा आवाज एरवी कानातून बाहेर निघून जातो, तो आत कोंडतो. त्यावर उपाय म्हणजे मोल्डमधून आरपार नेलेलं हवेचं छिद्र, ज्याला सगळे व्हेंटच म्हणतात. छिद्र मोठं केलं तर घुमणं कमी, पण शिट्टीचा धोका जास्त. माझ्या डाव्या मोल्डला १ मिलिमीटरचं आहे, उजव्याला २. उजव्या कानात माझा आवाज जवळजवळ माझाच वाटतो. डाव्यात अजून थोडं घुमतं आणि ते मी स्वीकारलं आहे, कारण त्या बदल्यात ‘साठ’ मिळालाय.

आणखी एक गोष्ट खूप ठिकाणी गाळतात. मोल्ड बदलला की मशीन पुन्हा सेट करायला हवं. मॅडमनी शिट्टीची चाचणी नव्याने घेतली, कानात केसासारखी बारीक नळी घालून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो ते मोजलं आणि वरच्या पट्टीतला आवाज वाढवला. डोम असताना एवढी वाढ शक्यच नव्हती. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मागच्या बाकावरचं ‘हजर बाई’ मला त्या मुलाच्या ओठांकडे न बघता ऐकू आलं. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता मुलांना उत्तर देता येतं, हे मी विसरूनच गेले होते. मशीन तेच होतं, जुनंच. दोन मोल्डना मिळून तीन हजार गेले, मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही.

पावसाळा मात्र कठीण गेला. बाहेर दमट, कानात ऊब. मोल्डपासून मशीनपर्यंतच्या नळीत पाण्याचे थेंब साठतात आणि मशीन अचानक मुकं होतं. बॅटरी संपली असं वाटतं, पण नळी उजेडात धरली की मध्ये थेंब दिसतो. मोल्ड मशीनच्या हुकपासून सोडवायचा, रबरी फुग्याने हवा मारायची, की आवाज परत. हा फुगा मी पर्समध्येच ठेवते. रात्री मोल्ड काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत. उजव्या कानाला या वर्षीही खाज आली, पण वेळीच डॉक्टरांना दाखवल्यामुळे वाढली नाही. झोपताना कान उघडा ठेवणं यात सगळ्यांत उपयोगी पडलं.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, तेही मशीन बाजूला काढूनच. स्पिरिट लावू नका, ॲक्रिलिकला तडे जातात. नळी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत जोडू नका.

नळीकडेही लक्ष हवं. मोल्डमधून मशीनपर्यंत येणारी ही मऊ नळी काही महिन्यांत पिवळी आणि ताठ होते. ताठ झाली की ती मोल्डला ओढते, मोल्ड किंचित फिरतो, फट पडते आणि शिट्टी सुरू. पुष्कळांना वाटतं मोल्ड बिघडला. नळी बदलणं हे दहा मिनिटांचं, थोड्या पैशांचं काम आहे. केसांच्या तेलानेही नळी लवकर ताठते, म्हणून मी रविवारी तेल लावलं की न्हाऊन झाल्याशिवाय मशीन घालत नाही. मॅडमना पुढे रुंद होत जाणारी हॉर्न नळी घालायची होती. तिने वरच्या पट्टीतला आवाज आणखी उचलला जातो, पण ४ मिलिमीटरच्या तोंडाला माझ्या कानाची नळी अरुंद पडली. डावीकडे ३ मिलिमीटरची बसली.

त्रास संपलेले नाहीत. हेल्मेट घातलं की शिट्टी वाजते, कारण आतलं अस्तर आवाज परत फेकतं. स्कूटरवर आवाज कमी करूनच बसते. कडक भाकरी चावताना स्वतःच्या चावण्याचा आवाज अजून त्रास देतो. घालायला शिकायलाही वेळ लागला: आधी मोल्डचं टोक कानात, मग मागे फिरवून वरची कमान कानाच्या घडीखाली सरकवायची. ती कमान बाहेर राहिली तर सगळं व्यर्थ. माझ्या सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडली आहेत. त्यांना मऊ सिलिकॉन आत ढकलता येईना, ॲक्रिलिक सहज जातं. वयस्क माणसासाठी प्रकार निवडताना ऐकण्याइतकंच बोटांकडेही बघा.

लहान मुलांच्या पालकांना एवढंच सांगते की मुलाचा कान वाढतो, म्हणून मोल्डही पुन्हा पुन्हा करावा लागतो. तान्ह्या बाळाचा तर काही आठवड्यांतच सैल होतो. मूल मशीन काढून फेकत असेल तर आधी मोल्ड तपासून घ्या. शिबिरात मशीन मिळालं असेल आणि त्यासोबत तयार रबरी टोक दिलं असेल, तर मापाच्या मोल्डची चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग वाक् श्रवण संस्थेत आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत मोल्डचं काम होतं. खासगी ठिकाणी गेलात तर माप घेणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि मोल्ड बसला नाही तर पुन्हा करून देणार का, हे पैसे देण्याआधी ठरवून घ्या.

डाव्या कानाचं सिलिकॉन आता थोडं पिवळं पडलंय आणि मधल्या काळात माझं वजनही उतरलं, त्यामुळे ते किंचित सैल वाटतं. लॅबकडे जुना स्कॅन जपून ठेवलेला आहे, पण मॅडम त्यावरून करायला तयार नाहीत. कान बदलला असेल तर माप नवंच हवं, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. शाळा सुरू होण्याआधी डाव्या कानाचं माप पुन्हा देणार आहे, तोंड उघडं ठेवूनच. या वेळी टोक थोडं लांब ठेवून आवाजाचं घुमणं आणखी कमी होतं का, ते बघायचं आमचं ठरलंय.