कॅल्क्युलेटरचा बेस मोड: ३७४ सापडतो, ३६३ सापडत नाही

मागच्या पोळ्याच्या सुट्टीत परभणीत बसस्थानकाजवळच्या दुकानातून हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला, तेराशे रुपयांना. "मॅडम, पोरगा इंजिनिअरिंगला आहे का?" दुकानदारानं विचारलं. नाही, मी सेलूकडच्या एका गावात नववी-दहावीला गणित शिकवते आणि मला यातला फक्त बेस मोड, म्हणजे दहाऐवजी दुसऱ्या पायावर आकडेमोड करायची सोय, हवा होता. सोलरची पट्टी असल्यामुळं लाइट गेली तरी खिडकीपाशी काम चालतं, एवढं आधी सांगून टाकते.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये चार अंकी ६१७४ ची गंमत शोधली. तीन अंकांतही तसंच होतं. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. तिन्ही अंक सारखे नसतील तर शेवटी ४९५ येतोच. एका मुलीनं विचारलं, "बाई, हे त्या आकड्याचं आहे का दहाच्या पायाचं?" या प्रश्नासाठीच मी हे मशीन घेतलं.

अष्टमानात, म्हणजे आठच्या पायात, टाकून बघा; इथं अंक ० ते ७ एवढेच आणि हातचा दहाचा नाही, आठचा. ७१३ घेतला: ७३१ वजा १३७ म्हणजे ५७२. मग ७५२ वजा २५७, ४७३. मग ७४३ वजा ३४७, ३७४. आणि तिथंच मुक्काम. षोडशमानात, म्हणजे सोळाच्या पायात, हाच मान ७एफ८ ला; तिथं नऊनंतरचे अंक ए ते एफ, एफ म्हणजे पंधरा. ४९५, ३७४, ७एफ८ फळ्यावर एकाखाली एक लिहिले तेव्हा लेकरांनीच पकडलं: शेवटचा अंक पायाच्या निम्मा, पहिला त्याहून एक कमी, मधला त्या पद्धतीतला सगळ्यात मोठा. त्या दिवशी तास संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. वजाबाकी मशीन बिनचूक करतं, म्हणून डोकं नमुना शोधायला मोकळं राहतं. पैसे तिथंच वसूल झाले.

आता खटकलेलं. डी, ई, एफ साइन, कॉस, टॅनच्या बटणांवर आहेत आणि अक्षरं इतकी बारीक की मागच्या बाकावर मशीन गेलं की हमखास चूक. एकानं अष्टमानात उलटं, ३४७ वजा ७४३ केलं तर पडद्यावर ३७७७७७७७४०४ आलं. "बाई, मिशीन येडं झालं!" ते बरोबरच होतं. ऋण संख्या ३२ बिटांत (दोनच्या पायातल्या ३२ अंकांत) मांडताना मशीन ती २ च्या ३२ व्या घातातून वजा करून दाखवतं. पण माहितीपुस्तिकेत यावर एक ओळ, तीही इंग्रजीत.

खरी उणीव मात्र वेगळी. पाये चारच: २, ८, १० आणि १६. सगळे सम! सातचा पाया घेतला की गोष्टच बदलते. ३६३ वरून २६४, २६४ वरून पुन्हा ३६३, थांबायचं नावच नाही. तीन, पाच, नऊ, कोणताही विषम पाया घ्या, दोन संख्यांत असाच झोका चालू राहतो, कारण निम्मा अंकच मिळत नाही. नुसत्या या मशीनवर विसंबलेल्या लेकराला वाटेल, प्रत्येक पायाला एक मुक्काम असतोच. सातचं सगळं आम्ही फळ्यावर हातानं केलं, हातचे घेताना चुकत, पुसत.

अठ्ठावीस लेकरांत एक मशीन पुरत नाही. पुढच्या महिन्यात याच दुकानातून अजून दोन आणणार आहे.