मिलानोत जपान की अमेरिका? झोप मोडायची तर कोणासाठी

फेब्रुवारी 2026 मध्ये इटलीत मिलानोला हिवाळी ऑलिंपिक आहे. फिगर स्केटिंग बघणारे आपल्याकडे थोडेच, पण जे आहेत ते सगळे आत्ता एकच विचारतायत, की सगळ्या रात्री जागणं काय जमायचं नाही, मग कुठल्या जागायच्या आणि कोणाच्या बाजूने बसायचं. आपला भारताचा फिगर स्केटर आजवर एकदाही ऑलिंपिकला पोचलेला नाही, यंदाही नाही, त्यामुळे बाजू घ्यायची तर दुसऱ्याचीच घ्यावी लागते. आणि एका देशाच्या मागे उभं राहून सगळी स्पर्धा बघायची असेल तर माझ्या मते दोनच देश आहेत, जपान आणि अमेरिका. फ्रान्स, इटली, जर्मनी, कझाकस्तान यांचे एकेक दोन-दोन चांगले आहेत पण पूर्ण संघ म्हणून भरलेले हे दोघंच.

आधी वेळेचं बघू कारण खरी अडचण तीच आहे. मिलानो आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. प्रत्येकाचे दोन प्रोग्राम असतात, आधी छोटा तो शॉर्ट आणि नंतर मोठा, पदकं ठरवणारा, ती फ्री. तिकडे संध्याकाळी सातला फ्री सुरू झाली म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, आणि शेवटचा ग्रुप, ज्यात पदकं ठरतात, तो बर्फावर येईपर्यंत दीड-दोन सहज वाजतात. दशावताराला रात्रभर बसणारी माणसं आपण, जागायचं काही नाही, पण हे दिवस मोहोराचे, सकाळी सहाला फवारणीची माणसं बागेत हजर असतात आणि देवगड-मालवणकडे तर बागायतदाराला या महिन्यात रात्रीची झोप तशीही अर्धीच. म्हणून दोन रात्री, फार तर तीन, असं धरून लिहितोय.

मुलींपासून सुरू करतो कारण खरी लढत तिथे आहे, बाकी सगळं नंतर.

जपानकडून काओरी साकामोतो, आमी नाकाई आणि मोने चिबा. अमेरिकेकडून अलिसा लिऊ, अँबर ग्लेन आणि इसाबो लेविटो. यातली कोणतीही एक पदक घेऊन गेली तरी मला नवल वाटणार नाही, इतकं जवळजवळ आहे सगळं. मार्च 2025 मध्ये बॉस्टनच्या वर्ल्ड्सला, म्हणजे जागतिक स्पर्धेला, लिऊ पहिली, साकामोतो दुसरी, चिबा तिसरी. डिसेंबरमध्ये जपानात नागोयाला ग्रांप्री फायनल (सीझनच्या ग्रांप्री स्पर्धांतल्या वरच्या सहांची) झाली त्यात लिऊ पहिली, नाकाई दुसरी, साकामोतो तिसरी. म्हणजे दोन्ही वेळा सोनं अमेरिकेचं आणि खालची दोन जपानची. हेच चित्र मिलानोत परत दिसेल असं बरेच जण धरून चाललेत, मी तसं धरत नाही, का ते सांगतो.

साकामोतो 25 वर्षांची आहे, 2022, 2023, 2024 अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड चॅम्पियन, बीजिंगला ब्राँझ, आणि हा शेवटचा सीझन असं तिने आधीच जाहीर केलंय. ती क्वाड, म्हणजे हवेत चार फेऱ्यांची उडी, मारत नाही, ट्रिपल अ‍ॅक्सल, म्हणजे पुढे तोंड करून मारायची साडेतीन फेऱ्यांची उडी, तीही नाही. मग जिंकते कशी? तर वेगावर. तिचा डबल अ‍ॅक्सल एकदा नीट बघा, येताना वेग अजिबात कमी करत नाही, उडी उंच नि लांब दोन्ही जाते आणि उतरल्यावर थांबत नाही, त्याच वेगात पुढे निघून जाते. पॉइंटात बोलायचं तर डबल अ‍ॅक्सलची बेस व्हॅल्यू, म्हणजे उडीचे ठरलेले मूळ पॉइंट, 3.30 आणि ट्रिपलची 8.00, म्हणजे जवळजवळ पाच पॉइंटांचा खड्डा, तो ती भरते उडीच्या दर्जाच्या बोनसने आणि कॉम्पोनंटच्या, म्हणजे स्केटिंग नि सादरीकरणाच्या, मार्कांनी, जे तिला दहापैकी नऊच्या वर मिळतात. पण यात एक धोका आहे. अशा स्केटरला चूक परवडत नाही. एक ट्रिपल डबल झाली की भरून काढायला हाताशी मोठी उडी नसते.

आमी नाकाई 17 ची, सीनिअरमधलं पहिलंच वर्ष, आणि पहिल्याच ग्रांप्रीला फ्रान्समध्ये साकामोतोला मागे टाकून जिंकली. तिच्याकडे ट्रिपल अ‍ॅक्सल आहे आणि ती शॉर्टमध्येही टाकते, नीट उतरली तर शॉर्टनंतर तीच पुढे असू शकते. मला भीती एवढीच की 17 व्या वर्षी ऑलिंपिकच्या शेवटच्या ग्रुपमध्ये उभं राहायचं, आधीच्या मुलीचे मार्क कानावर पडत असताना, हे कुठल्या सरावात शिकवता येत नाही. चिबा तिघींत सगळ्यात नाजूक, स्पिन आणि पायाचं काम फार सुंदर, पण तिचं पदक बाकीच्यांच्या चुकांवर अवलंबून राहील असं मला वाटतं. जपानची ताकद किती हे बघायचं असेल तर माओ शिमादाकडे बघा, ही वयाच्या नियमामुळे बाहेर आहे. सीनिअरसाठी 1 जुलैआधी 17 पूर्ण लागतात आणि तिचे 17 पूर्ण झाले ऑक्टोबरात. तरी डिसेंबरच्या जपान नॅशनल्समध्ये साकामोतोच्या खालोखाल तीच.

आता अमेरिका. लिऊची गोष्ट ऐकलेली असेल, 13 व्या वर्षी अमेरिकेची चॅम्पियन, 2022 ला वर्ल्ड्सचं ब्राँझ घेतलं आणि 16 व्या वर्षी खेळ सोडून दिला, सरळ सोडला, मधे एव्हरेस्ट बेस कॅम्पलाही जाऊन आली, आणि दोन वर्षांनी परत येऊन पहिल्याच सीझनला वर्ल्ड चॅम्पियन. अमेरिकन मुलीने वर्ल्ड्स जिंकायची ही 2006 नंतरची पहिली वेळ. ट्रिपल अ‍ॅक्सल आता तिच्या प्रोग्राममध्ये नाही, पण ट्रिपल लुट्झला लगेच ट्रिपल लूप (दोन्ही तीन फेऱ्यांच्या उड्या) जोडणारी मुलगी आज फार कमी सापडेल, आणि मुख्य म्हणजे तिच्या चेहऱ्यावर ताण नसतो. हे मी हवेत बोलत नाही, बॉस्टनची फ्री काढून बघा, शेवटची उडी उतरल्यावर प्रोग्राम संपायच्या आधीच ती हसायला लागलेली आहे. एकदा सोडून आलेल्या माणसाला हरण्याची भीती तेवढी राहत नसावी.

ग्लेनकडे ट्रिपल अ‍ॅक्सल आहे, सलग तीन वेळा अमेरिकेची चॅम्पियन, 26 वर्षांची. ती दोन्ही दिवस स्वच्छ स्केट करेल तर कोणालाही हरवेल पण दोन्ही दिवस स्वच्छ हेच तिचं दुखणं आहे. लेविटो 2024 ची वर्ल्ड सिल्व्हर, आई मूळची मिलानोची, आजी अजून तिथे राहते, त्यामुळे हॉलमध्ये टाळ्या तिला घरच्यासारख्या मिळतील. लेविटोच्या उड्या मात्र लहान आहेत आणि जजेस ते बघतात.

अमेरिकेच्या मुलीला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक शेवटचं मिळालं 2006 ला, सोनं 2002 ला. मुलींत जपानचं एकमेव सोनं 2006 चं, शिझुका अराकावाचं. म्हणजे दोघांनाही वीस-वीस वर्षांची भूक. माझा हिशोब असा की सोनं लिऊ किंवा साकामोतो, आणि पदकं मोजायची तर जपानची दोन. एकच नाव सांगा म्हणाल तर साकामोतो. हे थोडं मनातलं आहे हे खरं, पण नुसतं मनातलं नाही, शेवटच्या ग्रुपच्या दडपणात कसं उभं राहायचं ते सहाजणींत सगळ्यात जास्त तिने केलंय.

मुलग्यांचं लवकर आटपतो. इलिया मालिनिन, अमेरिका, 21 वर्षं, दोन वेळा वर्ल्ड चॅम्पियन, नोव्हेंबर 2023 नंतर एकही स्पर्धा हरलेला नाही. क्वाड अ‍ॅक्सल, म्हणजे हवेत साडेचार फेऱ्या, स्पर्धेत पूर्ण करणारा पहिला माणूस, 2022 पासून आजतागायत दुसरा कोणी नाही. नागोयाला शॉर्टमध्ये चुकला, तिसरा होता, आणि मग फ्रीमध्ये सात क्वाड मारले, 238.24 पॉइंट, एकूणात दुसऱ्या नंबरच्या जपानच्या युमा कागियामाला जवळजवळ तीस पॉइंटांनी मागे टाकलं. तीस म्हणजे यात फार. एवढ्या फरकात त्याला एखाददुसरी पडझड चालून जाते. हरवायचं तर त्याने स्वतःच स्वतःला हरवायला पाहिजे, दोन-तीन क्वाड ओळीने सुटले तरच. सोपं वाटतं पण पहिलंच ऑलिंपिक आहे त्याचं, 2022 ला नॅशनल्समध्ये दुसरा येऊनही त्याला नेलं नव्हतं.

जपान इथे सोन्यासाठी नाही, पण रुपं-ब्राँझ दोन्ही नेऊ शकतो. कागियामा बीजिंगचा सिल्व्हर, वडीलही दोन ऑलिंपिक खेळलेले, आता सोबतीला कोच म्हणून इटलीची माजी वर्ल्ड चॅम्पियन कॅरोलिना कोस्टनर आहे. गुडघा इतका मऊ की उडी उतरल्याचा आवाजसुद्धा येत नाही, आणि नागोयाला शॉर्टमध्ये हाच पहिला होता. शुन सातो दोन वर्षं ओळीने ग्रांप्री फायनलचं ब्राँझ घेतोय. मधे कझाकस्तानचा मिखाइल शाइदोरोव येऊन बसतो, 2025 च्या वर्ल्ड्सचा सिल्व्हर, त्याला विसरू नका. अमेरिकेचे बाकी दोघं पदकात नाहीत. पण त्यातला मॅक्सिम नाउमोव जरूर बघा. आईवडील दोघंही 1994 चे पेअर्सचे, म्हणजे स्त्री-पुरुष जोडीने उड्या नि लिफ्ट करायच्या प्रकारातले, वर्ल्ड चॅम्पियन, जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या विमान अपघातात गेले, आणि वर्षभरात हा मुलगा ऑलिंपिक संघात पोचला. त्याला नंबर कितवा येतो ते मी बघणार नाहीये.

पेअर्स. इथे तुलनाच होत नाही. जपानचे रिकु मिउरा आणि रिउइची किहारा 2023 आणि 2025 चे वर्ल्ड चॅम्पियन, नागोयालाही पहिले. 2019 ला किहारा रिंकवर नोकरी करत होता, खेळ सोडायच्या बेतात, आणि त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान मिउरा म्हणाली माझ्याबरोबर एकदा करून बघ. पहिल्याच सरावात ती जी उंच गेली तिथून हे सगळं सुरू झालं. मिलानोच्या आधी जपानला पेअर्समध्ये ऑलिंपिक पदक कधीच मिळालेलं नाही. काळजी एकच, डिसेंबरच्या नॅशनल्समध्ये मिउराचा खांदा निखळला, शॉर्टला पहिले असून फ्री सोडावी लागली. पेअर्समध्ये खांदा म्हणजे सगळंच की, लिफ्टमध्ये अख्खं वजन हातांवर. जर्मनीचे हासे-वोलोदिन आणि इटलीचे कोन्ती-माची हे मागे टपून आहेत, इटलीच्या जोडीला तर घरचं मैदान. अमेरिकेचा प्रश्नच नाही, त्यांची चॅम्पियन जोडी नागरिकत्वाच्या कागदावर अडली, येऊच शकत नाही.

आईस डान्समध्ये बरोबर उलटं. जपानची वैयक्तिक एंट्रीच नाही. अमेरिकेचे मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स नवरा-बायको, तीन वर्षं वर्ल्ड चॅम्पियन, समोर फ्रान्सकडून गियोम सिझेरॉ, बीजिंगचा सुवर्णवाला, नवी जोडीदार लॉरेन्स फुर्निए बोद्री घेऊन आलेला. जोडी नवी असून युरोपिअन जिंकून बसलेत. मला हे सोनं फिफ्टी-फिफ्टी वाटतं. पण डान्समधला फरक नवख्या डोळ्याला दिसत नाही, पडझड नाही उडी नाही, त्यामुळे नव्याने बघणाऱ्याने यासाठी झोप मोडावी असं मी सांगणार नाही.

टीम इव्हेंट मात्र दोन्ही देशांची समोरासमोरची खरी लढत आहे. दहा संघ, चार प्रकार (मुली, मुलगे, पेअर्स, डान्स), प्रत्येकात पहिल्याला दहा पॉइंट, दहाव्याला एक. जपान डान्समध्ये मागे पडणार, तिथे अमेरिकेचे दहा आणि जपानचे तीन-चार. पण वरचे पाच संघ फ्रीमध्ये गेले की तिथे शेवटच्यालाही सहा मिळतात, म्हणजे डान्सचं नुकसान चारवर थांबतं आणि पेअर्समध्ये जपान तेवढंच परत खेचतो. बीजिंगला अमेरिका सोनं, जपान रुपं, तेही रशियन मुलीच्या डोपिंगचा निकाल लागून पदकं हातात पडली 2024 च्या ऑगस्टमध्ये. यंदा माझ्या मते अमेरिका थोडी पुढे, दोन-तीन पॉइंटांत संपेल. 6 तारखेचे टीमचे प्रकार आपल्याकडे दुपारपासून संध्याकाळपर्यंत आहेत, त्यामुळे जेवून पडवीत बसल्याबसल्या होतात, जागायचं कामच नाही.

आता रात्री. 13 फेब्रुवारी शुक्रवार, मुलग्यांची फ्री. 15 ला रविवारी पेअर्सचं शॉर्ट आणि त्या दिवशी महाशिवरात्र, म्हणजे जागरण तसंही आहे, कुणकेश्वरच्या जत्रेहून परत येईपर्यंत बारा वाजतातच, घरी येऊन सरळ लावा. 16 ला सोमवारी पेअर्सची फ्री, साधारण मध्यरात्री साडेबाराला सुरू. 17 मंगळवार मुलींचं शॉर्ट, 19 गुरुवार मुलींची फ्री.

एकच रात्र जमणार असेल तर 19. दुसरी 16. शुक्रवारी मालिनिनसाठी जागलात तर वाया जाणार नाही, पण त्याची फ्री चार मिनिटांची आहे, सकाळी फवारणीची माणसं यायच्या आत चहाबरोबर बघून होते. मुलींचं तसं नाही, तिथे शेवटच्या सहाजणी एकामागोमाग बघितल्या तरच कोण कुठे सुटली ते कळतं.

आणि ज्यांच्या घरी दहावीचं पोर आहे त्यांनी 19 चा नीट विचार करा. बोर्डाचा पहिला पेपर 20 ला सकाळी. शिवजयंतीची सुट्टी असली तरी त्या रात्री हॉलमध्ये टीव्ही नको, आतल्या खोलीत मोबाईलवर आवाज बंद करून बघा किंवा मग शेजारी जा. पोरीलाच बघायचं असेल तर 17 चं शॉर्ट दाखवा तिला, सुरुवात सव्वाअकराच्या सुमारास आहे पण वरच्या नंबरच्या मुली उशिरा येतात म्हणून सगळं नको, नाकाईचा ट्रिपल अ‍ॅक्सल आणि साकामोतोचा डबल एवढे दोन दुसऱ्या दिवशी एकामागे एक लावून द्या, दहा मिनिटांत तिचं तिलाच ठरवता येईल कोणाकडून बसायचं ते.